वर्तमानपत्राचे मोल

ज्या वस्तूचे दाम आपण स्वतः मोजत नाही, तिच्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस कितपत उरतो, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. वर्तमानपत्रांच्या बाबतीत तो अलीकडे नव्याने उभा राहिला आहे, आणि लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस तर तो अधिकच जवळचा आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत इंग्रजी-हिंदी पत्रे रोज दारात पडतात. त्यांचे बिल पुष्कळ अधिकाऱ्यांस ठरावीक मर्यादेपर्यंत कार्यालयाकडून परत मिळते. मराठी पत्र मात्र एके काळी टपालाने शिळे होऊन येई, आणि तरीही वर्गणी भरून लोक त्याची वाट पाहत. आज तेच पत्र पहाटेच मोबाइलवर उमटते; पुष्कळदा कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठविलेल्या पीडीएफच्या रूपाने, आणि त्यासाठी कोणीच काही दिलेले नसते. अंतर मिटले ही आनंदाचीच गोष्ट. परंतु अंतराबरोबर देण्याघेण्याचा संबंधही मिटला, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, वाचकाने पत्राचे पुरते मोल दिले तरी केव्हा होते? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर याच दिल्लीत, टिळकांचे नाव असलेल्या मार्गावर, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात सापडते. १९५६ च्या कायद्याने आणि त्याखालील १९६० च्या आदेशाने सरकारने वर्तमानपत्राची किंमत व त्याची पाने यांची सांगड घातली. मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपासून लहान पत्रांचे रक्षण करावे, हा त्यामागील हेतू. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात काढलेले ‘सकाळ’ या आदेशाविरुद्ध न्यायालयात गेले. त्या वेळी त्याचा रोजचा अंक सात नव्या पैशांस मिळे आणि सुमारे चाळीस टक्के जागा जाहिरातींची असे. आदेश मानायचा तर पाने कमी करावी लागत किंवा किंमत वाढवावी लागे. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायालयाने तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर हेही मराठीच. किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटला की विचार पोहोचविण्याचे स्वातंत्र्यच आकुंचित होते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या खटल्यात एक मोठे अर्थशास्त्र दडलेले आहे. सात पैशांचा अंक सात पैशांत निघत नसे. उरलेला भार जाहिरात देणारा व्यापारी उचलीत असे. म्हणजे पुण्याचा कापडदुकानदार नकळत एखाद्या गरीब वाचकाच्या अंकाची किंमत भरीत होता. तो काही धर्मादाय करीत नव्हता. वाचकांचा पत्रावर विश्वास असे, आणि त्या विश्वासाच्या सावलीत आपले नाव छापून यावे म्हणून तो पैसे मोजी. तेव्हा जाहिरातीचा पैसा हा अखेर संपादकाच्या पतीचाच पैसा होता.

डिजिटल तंत्राने नेमका हा दुवा तोडला. आज जाहिरात पत्राच्या मागे जात नाही, ती माणसाच्या मागे जाते. अमुक गृहस्थ काय शोधतो, कोठे जातो, काय विकत घेतो, हे गूगल आणि मेटा यांसारख्या कंपन्यांस ठाऊक असते. मग त्याला गाठण्यासाठी व्यापाऱ्यास संपादकाच्या पतीची गरज काय? छोट्या जाहिराती तर त्याआधीच निघून गेल्या होत्या. १९९७ च्या सुमारास शादी डॉट कॉम व नोकरी डॉट कॉम निघाले, आणि वधूवरांचे व नोकऱ्यांचे रकाने हळूहळू कागदावरून उठून तिकडे गेले. बातमी मिळविण्याचा खर्च मात्र जागच्या जागीच राहिला. तालुक्याच्या कचेरीत दिवसभर बसणाऱ्या बातमीदाराची जागा कोणतेही यंत्र घेत नाही.

सरकारांनी यावर उपाय योजून पाहिले. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये या कंपन्यांनी वृत्तसंस्थांशी मोबदल्याची बोलणी करावी असा कायदा केला. कॅनडाने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला, तेव्हा गूगलने वर्षाला दहा कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मेटाने मात्र आपल्या पडद्यावरून तेथील बातम्याच काढून टाकल्या. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत एका हिंदी दैनिकाचे अंक टेलिग्रामवर फुकट वाटले जात होते, ते दिल्ली उच्च न्यायालयास आदेश देऊन थांबवावे लागले. कायद्याने चोरी अडविता येते. ऋणाची जाणीव कायद्याने उत्पन्न होत नाही.

व्यापारी गेला तर मग भार कोणी उचलावा? दात्याने, असे एक उत्तर आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधारावर. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने छापली नाही, तेव्हा जाहिरातीचे जुने जगही सर्वांस खुले नव्हते, हे विसरून चालणार नाही. परंतु देणगीचा ओघ अखंड राहत नाही. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले, आणि जे मुके होते त्यांचा आवाज काही काळ पुन्हा थांबला.

दुसरे उत्तर सरकार. येथे आम्हां अधिकारीवर्गास अधिक सावध व्हावयास हवे. खाजगी जाहिरात आटली की सरकारी जाहिरातीचे वजन आपोआप वाढते. २०२३ च्या केंद्रीय डिजिटल जाहिरात धोरणाने ती मोबाइल अॅपपर्यंतही नेली आहे. जाहिरातीची फाईल ज्यांच्या टेबलावरून जाते, त्यांच्याच कारभाराची झडती वर्तमानपत्राने घ्यावयाची असते. फाईलवर सही करणारा कितीही सज्जन असो, ज्याचे वेतन त्या सहीवर अवलंबून आहे तो बातमीदार लेखणी उचलताना क्षणभर थबकणारच. लोकशाहीत तो एक क्षणही महाग पडतो.

राहता राहिला वाचक. त्याच्यापुढे आता वर्गणीची भिंत उभी केली जात आहे. हीत अन्याय आहे: ज्याला परवडते त्याला खरी बातमी, आणि ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला फुकटची अफवा. मजूर, विद्यार्थी, खेड्यातील शिक्षक यांस या भिंतीबाहेर ठेवून पत्र जगले, तर ते जगले कशासाठी?

आमच्या मते या कोड्याची उकल ‘सकाळ’च्या सात पैशांतच आहे. एकाने अधिक द्यावे म्हणजे दुसऱ्यास स्वस्त मिळावे, ही ती जुनी व्यवस्था. व्यापाऱ्याची जागा रिकामी झाली आहे, आणि ती भरण्याचे सामर्थ्य ज्यांच्या अंगी आहे त्यांत दरमहा निश्चित वेतन घेणारे आपण मोडतो. तेव्हा मराठी पत्राची वर्गणी भरताना ‘यातून मला काय मिळते’ एवढाच हिशेब करू नये. माझ्या वर्गणीने गावाकडील कोणास तरी तो अंक वाचता येतो, आणि तेथील कचेरीत एक बातमीदार कोणाचीही भीड न धरता बसू शकतो, हाही त्या हिशेबातला आकडा आहे. संपादकांनीही हा पैसा भिंत उंच करण्यास न वापरता दार उघडे ठेवण्यास वापरला पाहिजे. तसे न झाल्यास त्यांस जाब विचारण्याचा अधिकार, दाम मोजणाऱ्या वाचकास, पूर्णपणे आहे.