लागलेली हाजरी

माजरीच्या कोळसाखाणीत दुपारचा भोंगा झाला की सुरुंग उडणार, खिडक्या थरथरणार आणि मग सगळं पुन्हा रोजच्यासारखं, हे कॉलनीतल्या तान्ह्या पोरांनाही ठाऊक असतं. नऊ वर्षांच्या गोलूला मात्र त्याची सवय कधी झाली नाही. बौद्धिक अक्षमता असलेला हा मुलगा मोजकेच शब्द बोलायचा. भोंगा ऐकला की तो स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायचा. व्रणांवर व्रण उठले होते.

‘‘पोट्टा हट्टी हाय, दोन लगावा,’’ शेजारी सांगत. तेही करून झालं होतं. भ्यालेल्या लेकराला मारलं तर त्याला भ्यायला आणखी एक कारण मिळतं, दुसरं काही होत नाही.

भद्रावतीहून घरी येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं आधी आईला एक वही दिली. चावण्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, एवढंच रोज लिहायचं. पानं वाचून बाई म्हणाल्या, ‘‘ताई, ‘चावू नको’ म्हणून भागणार नाही. चावायच्या जागी काय करायचं, ते त्याला द्या.’’

मग ठरलं. भोंगा झाला की गोलूनं आईजवळ यायचं आणि दोन्ही हात कानांवर ठेवायचे. ठेवले की लगेच, त्याच क्षणी, ‘‘कानावर हात ठेवले, शाब्बास!’’ आणि हातात एक चिंचोका. नुसतं ‘शहाणा’ म्हणायचं नाही. कशाबद्दल शहाणा, ते त्याला कळलं पाहिजे. चिंचोके काचेच्या बरणीत पडत, म्हणजे त्याला दिसत. सुरुवातीला दोन जमले की बक्षीस, पुढं पाच. बक्षीस म्हणजे बाबासोबत माजरी जंक्शनवर जाऊन कोळशाची मालगाडी बघणं. अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे! गोलू एकेका डब्याला हात हलवायचा, आणि शेवटचा डबा वणीच्या फाट्याकडं वळला की खुशाल टाळ्या पिटायचा.

महिना सरता सरता मनगट भरून येऊ लागलं. आणि तेव्हाच घरातल्या मायेनं घोळ घातला. आजी येता-जाता बरणीत चिंचोके टाकू लागली. ‘‘माह्या नातवाले देऊन राह्यली, काय बिघडते?’’ बरणी भरली, कानावरचे हात मात्र ढिले पडले. बाईंनी आजीशेजारी बसून समजावलं. टिओडोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये एका मनोरुग्णालयात हीच रीत चालवली होती. काम केलं की रुग्णांना बिल्ला, बिल्ल्यावर आवडीची वस्तू. काम न करताही बिल्ले मिळू लागले, तेव्हा लोकांनी काम सोडलं. ‘‘माया फुकट द्या आजी, भरपूर द्या. चिंचोका तेवढा फुकट देऊ नका.’’ आजीला ते पटलं. ती गोलूला मांडीवर घेऊन बसू लागली. बरणीला हात लावीना.

बापाचा घाव मोठा होता. रातपाळी करून तो घरी आला, जेवताना गोलूनं ताट भिरकावलं. बापानं रागाच्या भरात बरणीतले चारही चिंचोके खिडकीबाहेर फेकले. ‘‘आता पाह्य कसा जाते गाडी पाह्याले!’’

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. गोलू रिकाम्या बरणीसमोर उभा राहिला आणि त्यानं मनगट तोंडात घातलं.

संध्याकाळी आई आवाज न चढवता बोलली. ‘‘तुमचं सायबासोबत भांडण झालं, अन् त्यानं मागल्या चार दिवसांची लागलेली हाजरी खोडली, तर चालंन तुमाले?’’

तो काही बोलला नाही. युनियनच्या सभेत तो हाजरीवरूनच तर तावातावानं बोलायचा. खिडकीखालच्या मातीत चिंचोके सापडेनात, म्हणून त्यानं आजीकडून चार मागून आणले आणि गोलूसमोर, एकेक मोजून, बरणीत टाकले. ‘‘हे तुहे. तू कमावले. मी घ्याले नोको होते.’’ गोलूला यातलं किती कळलं, कोण सांगणार. पण चिंचोके बरणीत पडताना त्यानं पाहिले. ताटाचा हिशेब वेगळा झाला: पुन्हा ताट उडालं, तर सांडलेला भात बापलेकांनी मिळून उचलायचा. बरणीचा त्याच्याशी संबंध नाही.

घडी बसायला वेळ लागला. मोडलेला भरवसा नव्या सवयीहून सावकाश येतो, आणि तो घाईनं आणण्याची युक्ती बाईंकडंही नव्हती. एका पावसाळी दिवशी पाच पुरे झाले आणि बापाची नेमकी दुसरी पाळी आली. त्यानं सोबत्याशी पाळी बदलून घेतली. दोघं छत्री धरून ताटकळले, मालगाडी उशिरा आली, आणि गोलूनं सगळ्या डब्यांना हात हलवले.

पुढच्या भेटीत बाईंनी वही चाळली. ‘‘छान चाललंय. आता पाचाऐवजी सात चिंचोक्यांवर गाडी करू या. हळूहळू नुसत्या शाबासकीवर यायचंय आपल्याला.’’

‘‘करा ना बाई,’’ बाप म्हणाला, ‘‘पण बरणीत आता तीन हायेत, ते जुन्या भावानं धरा. पाच झाले की आमी जातो. सातचा भाव त्याच्या नंतर.’’

बाईंनी तसं वहीत लिहून घेतलं.