शंकरपट आणि प्रेक्षक

खेळांपासून मनुष्य काय शिकतो हा प्रश्न निघाला म्हणजे उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. खेळाडू शिस्त शिकतो, संघासाठीं स्वतःला विसरावयास शिकतो, पराभव हंसतमुखानें सोसावयास शिकतो. हीं उत्तरें खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तीं सर्व खेळणाराविषयींचीं आहेत. मैदानांत दहा-वीस माणसें खेळत असतात आणि कडेला हजारों उभीं असतात. या हजारोंच्या मनाचें त्या वेळीं काय होतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पाहणें ही जणूं कांहीं क्रियाच नव्हे, प्रेक्षक म्हणजे मैदानाभोंवतालच्या कुंपणाचाच एक भाग, अशी आपली समजूत असते. ती कितपत टिकते हें तपासून पाहावयाचें असेल तर वैनगंगेच्या खोऱ्यांतील शंकरपटाइतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. त्यांतील वैनगंगेकांठचा धानाचा मुलूख, आणि त्याला लागून असलेला भंडारा-गोंदियाकडील प्रदेश, यांस मिळून झाडीपट्टी म्हणतात. धान कापून, मळून घरांत आलें कीं येथें पटांचा आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा पट आणि रात्रीं नाटक, अशी ही जोडी आहे. ज्या गांवीं पट त्या गांवीं लेकी-जांवई येतात, सोयरेधायरे जमतात, आणि कोणाच्याहि घरीं चूल दुपारपर्यंत विझत नाहीं. शेतांतून एक लांब, सरळ, साफ केलेली वाट असते. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपलेली, त्यावर तोल संभाळीत धुरकरी; इशारा झाला कीं कांहीं सेकंदांत सर्व आटोपतें. जोडीजोडींतील अंतर सेकंदाच्या अंशांत मोजावें लागतें. आणि मग रात्रीं मंडपांत जो पडदा वर जातो तो पहांटेपर्यंत. या नाटकमंडळ्यांची पेठ म्हणजे देसाईगंज, ज्याला लोक वडसा म्हणतात.

हा पट मध्यंतरीं बंद पडला होता, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलगाड्यांच्या शर्यती या दोहोंसहि मनाई केली. बैल हा घोड्याप्रमाणें शर्यतीसाठीं घडलेला प्राणी नव्हे. तो धांवतो तो हौसेनें नव्हे, भयानें व वेदनेनें धांवतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कायदा दुरुस्त केला. पण उच्च न्यायालयाच्या आदेशामुळें त्याचा अंमल अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींस तात्पुरती मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें दुरुस्त कायदा वैध ठरविला. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, बैलांस इजा होतां कामा नये, या अटी पाळल्या तर प्राण्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो, असें न्यायालयास वाटलें. पट पुन्हा सुरू झाले. लोकांस आनंद झाला. आणि तो आनंद खोटा होता असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे.

कारण बैलावरील या लोकांचें प्रेम आम्ही पाहिलें आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे हळद-तुपानें मळतात, त्याला दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आमंत्रण देतात. पटाच्या बैलाचा खुराक घरच्या पोरांच्या दुधातुपांतून काढलेला असतो, आणि त्याबद्दल पोरांची तक्रार नसते. शहरांतील सुशिक्षितास हें प्रेम म्हणजे ढोंग वाटतें. ज्याला आपण मारतों त्याच्यावर प्रेम कसें करतां येईल, असें तो विचारतो. हा प्रश्न विचारणारानें स्वतःच्या मुलाला परीक्षेच्या दिवसांत कसें वागविलें, हें आठवून पाहावें. प्रेम आणि निर्दयता एकाच हातांत सुखानें नांदूं शकतात, हीच तर या प्रश्नांतील खरी अडचण आहे. ज्या हातानें खांदे मळले त्याच हातांत पराणी येते, आणि तिच्या टोंकाला आर असते.

हा हात मधल्या मध्यें कोण बदलतो? आमच्या मतें तो कडेला उभा असलेला समुदाय बदलतो. रिकाम्या शेतांत आपली जोडी पळवून पाहणारा धुरकरी तिला सहसा आर लावीत नाहीं. लावील तर स्वतःचेंच धन खराब करील. पण दोहों बाजूंस गांव उभें राहिलें, आरोळी उठली, म्हणजे त्याच्या मनगटांत जें बळ येतें तें त्याचें एकट्याचें नसतें. त्या आरोळींत आमचाहि आवाज असतो. पराणी एकाच्या हातांत दिसते एवढेंच. तिला धरणारे पुष्कळ असतात.

ख्रिस्ती संत ऑगस्टिन यानें आपल्या आत्मवृत्तांत अलिपियस नांवाच्या मित्राची हकीकत दिली आहे. या सज्जन तरुणाला रोममधील मल्लांच्या जीवघेण्या झुंजींचा तिटकारा असे. सोबत्यांनीं त्याला एकदां बळेंच ओढून नेलें, तेव्हां तो डोळे घट्ट मिटून बसला. इतक्यांत कोणी तरी पडला आणि लोकांनीं प्रचंड आरोळी ठोकली. अलिपियसनें केवळ कुतूहलानें डोळे उघडले. आणि जो आला होता तो मनुष्य घरीं परत गेला नाहीं, दुसराच गेला. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्याला रक्तानें प्रथम ओढलें नाहीं. ओढलें तें शेजाऱ्यांच्या आवाजानें. डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. ज्या इंग्लंडानें खिलाडूपणाचे धडे आमच्या पिढ्यांस दिले, त्या देशांत १८३५ पर्यंत बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडून तें पाहत बसणें ही कायदेशीर करमणूक होती. तीं पाहणारीं माणसें राक्षस नव्हतीं. तीं रविवारीं देवळांत जाणारीं, बायकामुलांचीं माणसें होतीं.

पण रोम आणि इंग्लंड दूरचीं. झाडीपट्टींत त्याच दिवशीं, त्याच गांवांत, याहून विलक्षण देखावा दिसतो. दुपारीं ज्यानें ओरडून घसा बसवून घेतला तोच गृहस्थ रात्रीं घोंगडी पांघरून मंडपांत बसलेला असतो. रंगभूमीवर सुनेचा छळ होतो, दारुड्या मुलगा म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढतो. आणि याच्या डोळ्यांतून घळघळां पाणी वाहूं लागतें. तेथें दुःख लटकें असतें, नटाला पहांटे त्याचा मोबदला मिळावयाचा असतो, हें त्याला पूर्णपणें ठाऊक आहे. तरीहि त्याचे अश्रू खरे असतात. दुपारीं दुःख खरें होतें, आणि त्याच्या डोळ्यांना तें दिसलेंच नाहीं! आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं प्रेक्षकाच्या ठिकाणीं सहृदयतेची अपेक्षा केली आहे. मग हें हृदय दुपारीं कोठें गेलें होतें?

तें गेलें नव्हतें. तें एका बाजूला बांधलें गेलें होतें, असें आम्हांस वाटतें. नाटकांत प्रेक्षकाची कोणतीहि बाजू नसते. सून जिंकली काय आणि सासू जिंकली काय, त्याच्या गांवाची अब्रू पणास लागलेली नसते; म्हणून तो सर्वांचें दुःख आपलें करूं शकतो. पटांत मात्र एक जोडी आपल्या गांवाची असते. बाजू घेतली कीं दृष्टि तेवढ्यापुरती जाते. हें केवळ पटांतच घडतें असें नाहीं. क्रिकेटच्या सामन्यांत झेल सुटला म्हणून आपल्याच खेळाडूची जी संभावना आम्ही घरबसल्या करतों, तिच्या मुळाशींहि हेंच असतें. फरक इतकाच कीं, खेळाडू मनुष्य आहे. तो आपण होऊन मैदानांत उतरला आहे, त्याला कीर्ति व पैसा मिळतो, आणि असह्य झालें तर तो उठून जाऊं शकतो. त्याच्या संमतीच्या आड प्रेक्षकाचा स्वार्थ सहज लपतो. बैलाला कोणी विचारलेलें नाहीं, आणि जिंकल्याचा गुलालहि त्याला कळत नाहीं. म्हणूनच पटाच्या कडेला आमचें पाहणें उघडें पडतें.

येथें कोणी म्हणेल कीं पराणीच काढून घेतली तर वेग गेला, आणि वेग गेला तर पट कसला? हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेऊं इच्छीत नाहीं. पण कोणताहि खेळ घेतला तरी तो सोयीच्या साधनाचा त्याग केल्यावरच खेळ होतो. फुटबॉलमध्यें चेंडू हातांत घेऊन धांवणें सोपें. पण तें केलें तर तो खेळ राहत नाहीं. कबड्डींत प्रतिपक्षाच्या अंगणांत श्वास तोडला कीं गडी बाद. श्वास घेऊन दहा जणांस शिवणें कोणालाहि जमेल. या दृष्टीनें पाहतां ज्या पटांत पराणी चालते तो केवळ पाठलाग होय. तो खेळ होतो तो रिकाम्या हातानें, शब्दानें आणि लगामावरील ओळखीच्या बोटांनीं जोडी हांकली जाते तेव्हां. धुरकऱ्याचें खरें कसब तेव्हांच कळावयाचें.

पण येथें व्यवहार आडवा येतो. एका मैदानांत सरकारी माणसें किती असणार? वेगांत जाणाऱ्या छकड्यावर कोणाच्या मुठींत काय लपलें आहे, हें त्यांना दिसेलच असें नाहीं. अगदीं जवळ उभ्या असलेल्या लोकांना मात्र दिसतें. शिवाय पट जिंकलेल्या जोडीची किंमत बाजारांत चढते. ज्यानें नियम पाळला आणि सेकंदाच्या एका अंशानें हरला, त्याच्या पदरांत काय पडतें? त्याचें नांव पुकारलें जात नाहीं, त्याची जोडी कोणी पाहावयास येत नाहीं, आणि पुढील वर्षीं त्याच्या मुलाच्या मनांत पराणीचा विचार येतो. न्यायालयाच्या निकालांत या माणसासाठीं कांहीं तरतूद नाहीं, आणि ती असूंहि शकत नाहीं. त्याची जोडी दुसरी आली असतां, तिच्या पाठीवर ओरखडा नाहीं हें पाहून जर त्या गर्दींतील दहा माणसांनीं टाळी वाजविली, तर शेजारचे मान वळवून पाहतील; कदाचित् विचारतीलहि, कीं अहो, हरलेल्या जोडीला टाळी कसली?