अस्वादाचे व्रत आणि कोरडी जीभ

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले आणि पुढे सेवाग्राम या नावाने ओळखल्या गेलेल्या तेथील आश्रमाच्या दिनक्रमाला एकादश व्रतांची, म्हणजे सत्य, अहिंसा, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह आदी अकरा नियमांची चौकट लाभली. त्यांतील हे पहिले पाच नियम पातंजल योगसूत्रांतील यमांशी जुळणारे आहेत. जिभेवरच्या ताब्याला मात्र गांधीजींनी अस्वाद या नावाने वेगळे स्थान दिले. येरवड्याच्या तुरुंगातून १९३० साली आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या व्रताचा खुलासा केला आहे. औषध घेताना ते रुचकर आहे की नाही हे कोणी पाहत नाही, शरीराला हवे तेवढेच घेतो, अन्नही तसेच घ्यावे, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या जिभेची चवच आजाराने हिरावून नेली आहे त्याच्या हातून हे व्रत आपोआप घडते काय, आणि घडत नसेल तर अशा माणसाने व्रत या गोष्टीकडे कसे पाहावे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

शोग्रेन्स सिंड्रोम या विकारात हा प्रश्न रोजच्या जेवणात उभा राहतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात त्याचे तपशीलवार वर्णन केले. हा स्वयंप्रतिरोधी विकार आहे, म्हणजे रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची संरक्षणव्यवस्था येथे स्वतःच्याच पेशींवर, मुख्यतः लाळ आणि अश्रू निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर, उलटते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. या विकारात ती इतकी आटू शकते, की स्वस्थ बसलेल्या रुग्णाच्या तोंडात पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरही जमत नाही. भाकरीचा घास टाळूला चिकटतो, जिभेने सुटत नाही आणि शेवटी बोटाने काढावा लागतो. बोलता बोलता जीभ अडखळते. रात्री पाण्यासाठी उठावे लागते. आणि आम्ल निवळवणारी व दातांना कॅल्शियम पुरवणारी लाळ नसल्यामुळे दात हिरडीलगत किडू लागतात. चव जाते ती याच कारणाने, कारण अन्नातले कण लाळेत विरघळल्यावाचून जिभेवरच्या रुचिकलिकांपर्यंत पोहोचत नाहीत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात कफाचे पाच प्रकार सांगताना जिभेत राहून चवीचे ज्ञान करून देणाऱ्या कफाला बोधक म्हटले आहे. ओलाव्यावाचून चव नाही, हे निरीक्षण त्यामागे स्पष्ट दिसते.

चव गेली तरी चवीची ओढ जात नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना नेमका हाच भेद केला आहे: निराहार राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांच्याविषयीची गोडी मागे उरते, आणि ती परतत्त्वाच्या दर्शनानेच निवते. कोरड्या तोंडाच्या माणसाची अवस्था या वचनाच्या पूर्वार्धासारखी आहे. वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाक त्याच्यासमोर ठेवला, तर तो भुसभुशीत तुकडा पिठासारखा तोंडात घोळत राहील, गिळला जाणार नाही, आणि तरीही त्याची आठवण व हवेपण तसेच राहील. म्हणून अभावाला त्याग म्हणता येत नाही. त्यागात सोडणारा असतो आणि सोडण्याचा क्षण असतो. आजारात यांपैकी काहीच नसते. दीर्घ आजारी माणसाला, विशेषतः स्त्रीला, ‘देवाने तुझ्याकडून तप करून घेतले’ असे सांगण्याची जी रीत आहे, तिच्यामागे माया असेल, पण विचार नाही. न मागितलेल्या दुःखाला पुण्याचे नाव दिले, की ते हलके करण्याचा प्रयत्नच मंदावतो.

स्त्रीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. हा विकार पुरुषांच्या मानाने स्त्रियांना सुमारे नऊपट अधिक होतो, आणि घराघरांतली कडक व्रतेही बहुतांशी स्त्रियाच करतात. निर्जला एकादशी ज्येष्ठात येते, जेव्हा वर्ध्याच्या उन्हाची धग अजून ओसरलेली नसते. भाद्रपदातली हरतालिकाही अनेकजणी पाण्यावाचून करतात. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे सांगणारे एक वचन उद्धृत केले जाते, आणि त्या आठांत पाणी आहे, दूध आहे, फळे आहेत, औषधही आहे. ज्या परंपरेने औषधाला ही मोकळीक दिली, तिच्याच नावाने कोरड्या तोंडाच्या बाईला घोटभर पाणी नाकारणे शास्त्राला धरून नाही. स्वतः गांधीजीही आपल्या उपवासांत पाणी घेत, आणि ते मीठ किंवा सोडा घालून घेत.

गांधीजींच्याच जीवनात मात्र याला एक अवघड अपवाद सापडतो. १९१२ साली त्यांनी दूध सोडले होते. १९१८-१९ च्या दीर्घ दुखण्यात कस्तुरबांच्या सांगण्यावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचा शब्द राखला तरी त्याचा आत्मा गमावला, ही खंत आत्मकथेत नोंदवून ठेवली. तेव्हा आजार ही प्रत्येक व्रताला सरसकट सूट आहे, असे त्यांच्या नावावर म्हणता येणार नाही. पण ती खंत स्वतः घेतलेल्या शपथेविषयीची होती, आणि अस्वादाच्या पत्रात त्यांनी जी कसोटी दिली ती वेगळीच आहे: चव वाढवण्यासाठी मीठ घालणे हा व्रतभंग, आरोग्यासाठी मीठ हवे म्हणून घालणे हा नव्हे. कृती एकच असते. निवाडा हेतूवर होतो.

ही कसोटी लावली, तर कोरड्या तोंडाची निगा राखणे हे अस्वादाच्या विरुद्ध जात नाही, उलट त्याचेच रोजचे आचरण ठरते. भाकरी वरणात कुस्करून मऊ करणे, दर थोड्या वेळाने पाण्याचा घोट घेणे, फ्लोराइडच्या पेस्टने दात जपणे, साखरविरहित गोळी किंवा च्युइंगगम चघळून उरल्यासुरल्या ग्रंथींना चालना देणे, यांत चैन कसलीच नाही. खडीसाखर चघळण्याचा किंवा आवळा तोंडात धरण्याचा घरगुती उपाय क्षणभर ओलावा देतो खरा, पण साखर आणि आम्ल लाळेचे कवच नसलेल्या दातांना पोखरतात. विदर्भात घरोघरी पोहोचलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, तर याहून घातक आहे: त्यातल्या सुपारीने लाळ सुटते म्हणून कोरड्या तोंडाच्या माणसाला तो औषधासारखा वाटू शकतो, आणि तोच पुढे तोंड आखडण्याच्या व कर्करोगाच्या वाटेवर नेतो. पायलोकार्पिन हे खरे औषध दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपापासून मिळाले. ते लाळेबरोबर घामही वाढवते, त्यामुळे पारा पंचेचाळीस अंशांपुढे जाणाऱ्या वर्ध्याच्या मे महिन्यात त्याचा त्रास जाणवू शकतो, आणि दमा किंवा काचबिंदूचे काही प्रकार असणाऱ्यांना ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेता येत नाही. कानाखालची गाठ सुजून तशीच राहिली, तर लगेच तपासणी हवी, कारण या विकारात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. सेवाग्रामात आश्रमाजवळच, गांधीजींच्या वैद्य डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही शेजारसोबत या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप वर्ध्याजवळच्याच पवनारहून येतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबा भावे यांनी आजारपणात अन्न, पाणी आणि औषध तिन्ही नाकारले आणि १५ नोव्हेंबरला तेथील धाम नदीकाठच्या आपल्या आश्रमात देह ठेवला. तहान स्वेच्छेने पत्करता येते, तिच्यात माणूस शांतही राहू शकतो, हे तेथे दिसले. तरी सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य पुरे झाले असे स्वतः ठरवून एका साधकाने घेतलेला तो शेवटच्या काही दिवसांचा निर्णय होता. शोग्रेन्सच्या रुग्णाला त्याच तोंडाने आणखी वीस-तीस वर्षे जेवायचे, बोलायचे, मुलाबाळांचे करायचे आणि देवाचे नाव घ्यायचे असते. अशा रुग्णाच्या संयमाला वाव आहे तो पाण्याच्या घोटात नाही. तो गोड गोळीऐवजी बिनसाखरेची निवडण्यात आहे, खर्ऱ्याला नाही म्हणण्यात आहे, आणि दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे न कंटाळता जाण्यात आहे.