ओंकाराची दप्तरी नोंद

ओंकार सावयव की निरवयव, हा प्रश्न मांडूक्य उपनिषदाने अकार, उकार, मकार या तीन मात्रा आणि त्यांच्या पलीकडचा अमात्र असा चतुर्थ पाद कल्पून निकालात काढला, असे आपण समजत आलो. परंतु १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संगणकीय सांकेतिक क्रमांकांची सरकारी सारणी मुक्रर झाली तेव्हा तोच प्रश्न दप्तरात पुन्हा दाखल झाला, आणि त्याचा जो निवाडा झाला तो कोणा भाष्यकाराला सुचला नसता. त्या सारणीत ॐ या चिन्हाला स्वतंत्र जागा नव्हती. चंद्रबिंदू द्यावा, त्यामागोमाग नुक्ता द्यावा, आणि यंत्राने त्या जोडीचा ॐ समजावा, असा नियम होता. ज्या नुक्त्याचे मुख्य काम ख, ज, फ यांना फारसी उच्चार देण्याचे, त्याच्या मदतीने प्रणव सिद्ध व्हावा, यात सोवळ्यातील मंडळींना विटाळ वाटेल. मला मात्र, ज्या वऱ्हाडात देवस्थानाच्या इनामाची सनदसुद्धा फारसी शब्दांवाचून पुरी होत नसे, तेथल्या माणसाला ही तडजोड परकी वाटण्याचे कारण दिसत नाही.

युनिकोडच्या जागतिक सारणीने ॐला २३८४ हा स्वतःचा क्रमांक देऊन अखंड मानले. ताम्रपटांच्या आरंभी येणारे सिद्धम्‌चे चिन्ह आणि जैनांचा ओंकार यांना मात्र आपापली जागा मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. आणि खामगावच्या पेढीवर लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने रेखले जाणारे स्वस्तिक संगणकात शोधू जावे, तर ते देवनागरीत नव्हे, चिनी चित्राक्षरांत किंवा तिबेटी चिन्हांत सापडते.

परंतु क्रमांक म्हणजे आकृती नव्हे. क्रमांक मजकुरात असतो, आकृती फॉन्टमध्ये. ज्या फॉन्टमध्ये ती आकृती नाही तेथे रिकामी चौकट उमटते, आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, जेथे देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत, तेथे फॉन्ट बदलताच पत्रिकेच्या माथ्यावरील मंगलचिन्हाचे एखादे निरर्थक इंग्रजी अक्षर होऊन बसते. अशा वेळी क्रमांक हे निर्गुण आणि आकृती हे सगुण, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह वेदान्ताची तोंडओळख असलेल्या कोणालाही होईल. तो मला मान्य नाही. समितीच्या बैठकीत मंजूर झालेला आकडा हीही एक उपाधीच, आणि आकृतीपेक्षा ती सूक्ष्म असली म्हणून अधिक पवित्र ठरत नाही.

या पेचात मला महानुभावांची दृष्टी अधिक उपयोगी वाटते. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत लोणार आणि मेहकर ही दोन्ही आपल्या बुलढाण्याची गावे येतात. मूर्तिपूजा न मानणाऱ्या त्या पंथाने स्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे ओटे बांधून वंदनीय मानली आणि स्थानपोथीत त्यांची अशी तपशीलवार नोंद केली की एखाद्या कसलेल्या पटवाऱ्याने मान लववावी. ओट्याचा दगड आकाराने वंद्य नाही, नोंदीनेही नाही. तो ज्याच्या संबंधाने स्थान झाला, त्या संबंधाने वंद्य आहे. ॐचेही तसेच समजावे. चौकट उमटली म्हणजे प्रणवाची विटंबना झाली, असे मी म्हणणार नाही. पण ती दिसूनही जो छापणारा ‘चालतंय’ म्हणून हजार प्रती काढतो, त्याने संबंधच सोडला, आणि दोष द्यायचा तर यंत्राला नव्हे, त्याला द्यावा.

न वाचता येणाऱ्या चिन्हाने पावित्र्य उणावते, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी याच पंथाच्या सकळ लिपीचा विचार करावा. एका अक्षराच्या जागी दुसरे योजून त्यांनी आपले ग्रंथ बुद्ध्याच परक्यांच्या दृष्टीआड ठेवले. विसाव्या शतकात संशोधकांनी तिची उकल करीपर्यंत ती पाने बाहेरच्या वाचकाला त्या रिकाम्या चौकटीइतकीच मुकी होती, आणि मठांत त्याच पानांचे शतकानुशतके पारायण चालू होते.