खुर्चीतला खळगा

आमच्या घरातील हातांची खुर्ची माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, 1964 साली सुताराला घरी बसवून करून घेतली. दांडेलीकडचे सागवान, आत स्प्रिंगा, त्यावर काथ्या आणि वर हिरवे जाड कापड. प्राथमिक शिक्षकाच्या पगारात ही चैनच होती, आणि त्या चैनीवरून आई त्यांना पुढे वीस वर्षे बोलत असे. अण्णा 2009 साली गेले. खुर्ची राहिली. तिच्या बैठकीत त्यांच्या बसण्याने उजवीकडे किंचित कललेला एक खळगा पडला होता; अण्णा उजव्या हातावर रेलून पेपर वाचत. त्या खळग्यात घरातले दुसरे कोणी नीट बसूच शकत नसे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या झाडलोटीत एक स्प्रिंग कापड फाडून वर आली. मुलाने लगेच फोनवर चित्र काढून दाखवले. "बाबा, ही बघा. चार हजार नऊशे नव्याण्णव, घरपोच. जुनी देऊन टाका आता." मी शहापूरच्या बोळातल्या कुशनवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "सगळी खोलायला पाहिजे सर. साडेपाच हजार होतील बघा." नवी स्वस्त आणि जुनी महाग! मी गप्प घरी आलो.

वाचकहो, या गप्प बसण्यातच या लेखाचा विषय आहे. आपल्या लहानपणी दुरुस्ती हा नीतीचा प्रश्न नव्हता. दिवाळीच्या आधी पिंजारी (आपल्या भागात त्याला नदाफही म्हणतात) धनुकली घेऊन दारात यायचा. गादीतला गठळ्या झालेला कापूस अंगणात पिंजला जायचा, टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा, आणि रात्री तीच गादी वीतभर उंच झालेली असायची. कोणी तिला पर्यावरणाचे रक्षण म्हटले नाही. नवा कापूस परवडत नव्हता, एवढेच. गरजेपोटी केलेल्या गोष्टीचे पुण्य मागण्यात अर्थ नाही. आमच्या पिढीतील मंडळी मुलांना काटकसरीची व्याख्याने देतात तेव्हा हे विसरतात. (मीही दिली आहेत, प्रार्थनेनंतर, उन्हात मुलांना उभे करून.) जुने टिकवणे नव्यापेक्षा महाग पडू लागले, तेव्हाच खरा प्रश्न उभा राहिला. ते जादा पाचशे रुपये मी नेमके कशासाठी मोजायचे?

अण्णांच्या आठवणीसाठी, असे उत्तर पटकन तोंडात येते. मुलाने ते एका वाक्यात उडवले. "कापड नवं, काथ्या नवा, पट्ट्या नव्या, मग त्यात आजोबांचं काय राहिलं?" प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून आला, तेव्हा नागसेनाने त्याला हेच विचारले होते. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की या सगळ्या भागांच्या आधाराने चालणारे 'रथ' हे एक नाव आहे. त्या न्यायाने आमची खुर्ची हेही एक नाव, आणि नावासाठी साडेपाच हजार म्हणजे जास्तच झाले.

तरीही मी खुर्ची दिली. कारण सांगतो. दुकानातल्या स्वस्त खुर्चीचा सांगाडा बहुधा लाकडाच्या भुशाचा असतो. युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या चिकाने तो दाबून फळी केलेली असते. पाणी लागले की फुगते, आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणजे ती खोलून दुरुस्त होईल अशी मुळात केलेलीच नसते. सागवानाच्या झाडाला असे खोड यायला पन्नास-साठ वर्षे लागतात. माणसाच्या उभ्या आयुष्याएवढा काळ जंगलात काढून आलेले लाकूड, केवळ वरचे कापड फाटले म्हणून भंगारात काढायचे, हे मला लाज आणणारे वाटले. लाज वाटायला आणखी एक जुने कारण होते. काही वर्षांपूर्वी मी मुख्याध्यापक असलेल्या शाळेत लोखंडी बाके आली, तेव्हा सागवानी बाके सरपणाच्या भावाने लिलावात गेली. कागदावर सही माझीच होती.

कुशनवाल्याच्या दुकानात मी तीन संध्याकाळी जाऊन बसलो. त्याने खुर्ची उपडी केली, एकेक खिळा उचकटला. खालच्या निवारीच्या पट्ट्या सैल झाल्या होत्या. सांगाडा मात्र हलत नव्हता. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार बांबूची मेख. "असं काम आता कोण करतंय सर," तो म्हणाला, आणि आतल्या बाजूला बसलेल्या आपल्या वडिलांना कानडीत काही सांगितले. म्हातारा उठून आला, मेखेवरून बोट फिरवले आणि "हौद्री" एवढेच बोलला. मग स्प्रिंगा आठही बाजूंनी सुतळीने एकमेकींना बांधणे सुरू झाले. एक दोरी जादा ओढली तर सगळी बैठक एका अंगाला जाते. माझ्याशी मराठी, बापाशी कानडी, कापडाच्या व्यापाऱ्याशी हिंदी, आणि हातातली गाठ चुकत नाही. खुर्चीला मात्र त्याला तिन्हीकडे वेगळा शब्द शोधावा लागत नव्हता. कानडीत ती कुर्चीच.

आता कबुलीजबाब. काम ठरवताना मी घासाघीस केली होती. साडेपाच हजारांचे चार हजार आठशे करून घेतले, नव्या खुर्चीपेक्षा दोनएकशे कमी, म्हणजे मुलाला हिशेब दाखवता यावा. सामानाचे भाव ठरलेले, तेव्हा कमी झाले ते सातशे त्याच्या मजुरीतून. फोनवरच्या दुकानाशी मी एका रुपयाची तरी घासाघीस केली असती का? आपण जुन्या वस्तूंचे कौतुक करतो आणि त्या खोलून पुन्हा बांधू शकणाऱ्या माणसाचा दर पाडतो. त्याचा मुलगा हे काम शिकलेला नाही. औषधाच्या दुकानात कामाला जातो. "इथं काय आहे सर?" असे कुशनवाला म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले. हा माणूस उठला की माझे सागवान कितीही टिकाऊ असो, पुढची स्प्रिंग वर येईल तेव्हा ते टाकाऊच ठरणार.

खुर्ची आणायला गेलो तेव्हा जुनी बैठक, काथ्या आणि गोणपाटासकट, दुकानाच्या पायरीजवळ पडली होती. दाबून दाबून घट्ट झालेल्या त्या काथ्यात खळगा अजून तसाच होता, उजवीकडे कललेला. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने 1655 साली विचारले होते की जहाजाच्या बदललेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? एम.ए.ला असताना मला तो शब्दांचा खेळ वाटला होता. त्या पायरीवर तसा वाटला नाही. उचलावे असे मनात आले. पण कुजका काथ्या घरी नेऊन करायचे काय? तिथेच ठेवला.

निघताना त्याला साडेपाच हजार दिले. तो पैसे मोजून सातशे परत करू लागला. "ठरलं ते ठरलं सर." मी ठेवा म्हणालो. त्याने दोनशे ठेवले, पाचशे परत केले. माझी चूक त्याच्या हिशेबात कुठे बसते ते मला कळले नाही, आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही.

घरी आई नव्या कापडावर हात फिरवून बसली. जरा वेळाने म्हणाली, "टणक आहे रे." मग पाय वर घेऊन, डावीकडे रेलून, तिने पेपर मागितला.