श्रम सर्वांचे, पाणी कोणाचे?

स्थानिक विकाससंस्थेचे सामर्थ्य बाहेरून वाढवता येते का, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनाचा वाटतो आणि प्रशिक्षण, निधी, हिशेबाची पद्धत व कार्यकर्त्यांची संख्या यांच्या भाषेतच तो बहुधा मांडला जातो. परंतु गावातली माणसे एकत्र येऊन जे काम उभे करतात त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, आणि ते कोणाच्या पदरात पडावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, इथपर्यंत त्याचा माग काढला की तो धर्मविचाराच्या प्रांतात येऊन पोहोचतो. कारण कर्म, फळ, दान आणि लोकसंग्रह या कल्पनांचा विचार भारतीय परंपरेने याच प्रश्नाभोवती शतकानुशतके केलेला आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुका हा या प्रश्नाची पारख करण्यासाठी योग्य प्रदेश आहे, कारण गेल्या दशकात येथील गावांनी सामुदायिक श्रमाचा एक मोठा प्रयोग केला आणि त्या प्रयोगाने जितकी उत्तरे दिली तितकेच प्रश्नही मागे ठेवले.

या तालुक्याची भूमी समजून घेतल्याशिवाय प्रयोगाचे महत्त्व लक्षात येणार नाही. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण-खटाव भागात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. कोरेगाव या दोहोंच्या मध्ये, पर्जन्यछायेच्या तोंडाशी वसलेले आहे. दक्षिणेला रहिमतपूर, धामणेर या भागात ऊस उभा राहतो, आणि डोंगरपायथ्याची जिरायत गावे मात्र पावसाळा सरला की टँकरची वाट पाहू लागतात, असे चित्र अनेक वर्षे होते. 2016 साली पानी फाउंडेशन या संस्थेने गावांमधील जलसंधारणाच्या कामाची पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा घेतली तेव्हा राज्यातील तीनच तालुके निवडले होते: अमरावतीतील वरुड, बीडमधील अंबाजोगाई आणि साताऱ्यातील कोरेगाव. या तीन तालुक्यांतून 116 गावे स्पर्धेत उतरली आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने पन्नास लाख रुपयांचे पहिले पारितोषिक मिळवले.

पारितोषिकाची रक्कम वृत्तपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापली. विचाराच्या दृष्टीने मात्र त्याआधीचे चार दिवसांचे प्रशिक्षण अधिक महत्त्वाचे आहे. गावाने स्वतः निवडलेल्या स्त्री-पुरुषांना या प्रशिक्षणात पाणलोटाचे शास्त्र शिकवले जाई, आणि त्यातील एक साधन विशेष लक्ष वेधून घेणारे आहे. हायड्रोमार्कर नावाचे हे साधन म्हणजे मापाच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. डोंगरउतारावर एक माणूस एक काठी धरून उभा राहतो, दुसरा काही अंतरावर दुसरी काठी मागेपुढे सरकवतो, आणि दोन्ही काठ्यांवरील पाणी एकाच खुणेवर आले की त्या दोन जागा समपातळीत आहेत हे सिद्ध होते. मग तेथे फक्की टाकून खूण करायची, पुढची जागा शोधायची आणि अशा खुणांच्या रेषेवर सलग समतल चर, म्हणजे उतारावरून धावणारे पाणी थोपवून जमिनीत मुरवणारी लांब खोदाई, करायची. एकट्या माणसाला ही पातळी काढता येत नाही. दोघांनी आपापल्या टोकाचे वाचन मोठ्याने सांगावे लागते आणि दोघांनाही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. चार दिवस शिकून परतलेल्या शेतकरी स्त्रीला जेव्हा अभियंत्याची वाट न पाहता स्वतः चर आखता येऊ लागला, तेव्हा ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि मूळ हातातही शिल्लक राहिले. या अर्थाने कौशल्य बाहेरून देता येते, हे निःसंदेह मान्य करावे लागते.

कौशल्य म्हणजेच संस्थेचे सामर्थ्य असे मात्र नव्हे. गावाला संघटितपणे काम करता येत नाही आणि ती कला बाहेरच्याने शिकवावी लागते, असे जे अनेक विकासयोजनांत गृहीत धरलेले असते, ते कोरेगावच्या कोणत्याही गावातील अखंड हरिनाम सप्ताहासमोर टिकत नाही. सप्ताहात वीणा सात दिवस आणि सात रात्री खाली ठेवली जात नाही; ती एका वारकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि त्यासाठी रात्रीच्या दोन-तीनच्या पहाऱ्याचीही नावे आधी ठरलेली असतात. पहाटेचा काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर, कोणत्या दिवशी कोणाच्या घरची पंगत, वर्गणी किती, आचारी कोण, मंडपाचे पैसे कोणी द्यायचे, हे सारे कोणतीही नोंदणीकृत संस्था नसताना, कोणताही प्रकल्प-अहवाल नसताना, पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट पार पडते. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि महाप्रसादाला सारे गाव बसते. नियोजन, निधी, कामाची वाटणी, हिशेब आणि नव्या पिढीला जबाबदारी सोपवणे, ही संस्थेच्या सामर्थ्याची म्हणून जी लक्षणे सांगितली जातात, ती सारी येथे हजर आहेत.

मग शतकभर सप्ताह न चुकवणाऱ्या गावाची पाणलोट समिती तीन-चार वर्षांत का विसविशीत होते, हा खरा तात्त्विक प्रश्न आहे. त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा दोन्ही कामांच्या फळांमधील भेदात शोधणे अधिक न्याय्य ठरेल. नामस्मरणाचे पुण्य वाटल्याने कमी होत नाही. कीर्तन शंभर जणांनी ऐकले म्हणून एकशे एकाव्याच्या वाट्याला ते कमी येत नाही, आणि काला तर सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवण्यासाठीच असतो. भूजलाचे तसे नाही. एकाने उपसलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीतून कमी होते, आणि ज्याची विहीर ओढ्याकाठी आहे त्याला डोंगरावरील प्रत्येक चराचा लाभ मिळतो, तर ज्याने तो चर खोदला त्या भूमिहीन मजुराकडे ते पाणी धरण्यासाठी विहीरच नसते. ज्या फळाची वाटणी करावी लागत नाही त्याभोवती गाव सहज एकत्र येते. ज्याची वाटणी करावी लागते त्याभोवती एकत्र राहण्यासाठी न्यायाचा नियम लागतो, आणि तो नियम घडवणारी संस्था भक्तीच्या परंपरेने आपोआप दिलेली नाही.

येथे श्रमदान या कल्पनेकडे अधिक बारकाईने पाहणे भाग आहे. श्रमदानाच्या आवाहनात गीतेतील निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आसक्ती न धरता कर्तव्य करण्याचा, आधार वारंवार घेतला जातो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात त्याला जोडूनच लोकसंग्रहाची कल्पना येते. लोकसंग्रह म्हणजे समाज विस्कटू न देता त्याला एकत्र धरून योग्य मार्गावर ठेवणे, आणि जनकादिकांनी कर्म केले ते याच दृष्टीने, असे तेथे प्रतिपादन आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ज्ञानी पुरुषालाही लोकसंग्रहासाठी कर्म सुटत नाही, असा सिद्धान्त मांडून मराठी समाजाच्या सार्वजनिक कार्याला मोठे तात्त्विक बळ दिले. या विचाराचे ऋण मोठे आहे. तथापि निष्कामता हे कर्त्याने स्वतःवर घालून घ्यायचे बंधन आहे; ते दुसऱ्यावर लादता येत नाही. बागायतदाराने भूमिहीनाला फळाची अपेक्षा ठेवू नकोस असे सांगणे आणि फळ मात्र स्वतःच्या विहिरीत जमा होऊ देणे, ही गीतेच्या शिकवणीची विटंबना होय, कारण त्यातून संग्रहाऐवजी भंग निर्माण होतो. फळाचा त्याग करायचा असेल तर त्याचा आरंभ ज्याला फळ मिळणार आहे त्याच्यापासून झाला पाहिजे.

दानाच्या कल्पनेतही या न्यायाचे बीज आहे. शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ यथाशक्ती संविभाग, म्हणजे अन्नादिकांची योग्य वाटणी, असा केला आहे, आणि विनोबांनी 1951 पासून भूदानयात्रेत हाच अर्थ पुढे आणून जमीनमालकांना सांगितले की ही भीक नसून वाटणी आहे. विनोबांचे शास्त्राध्ययन काही काळ कोरेगावहून फार दूर नसलेल्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत झाले होते, हे येथे आठवते. दान जर संविभाग असेल तर श्रमदानाची पूर्तता चर खोदून होत नाही. त्या श्रमातून आलेल्या पाण्याचा संविभाग झाला तरच ते पूर्ण होते. कायदा मात्र या विचाराच्या विरुद्ध दिशेने उभा आहे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाशी जोडला आणि वासाहतिक काळातील तो दृष्टिकोन आजही ग्रामीण व्यवहारात रुजलेला आहे. महाराष्ट्राने 2009 साली भूजलाचा स्वतंत्र कायदा केला तरी ज्याची जमीन त्याचे पाणी हीच समजूत बांधावर प्रमाण मानली जाते.

ही समजूत मोडता येते, याचा पुरावा कोरेगावच्या शेजारीच आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन कराराने घेऊन पाणलोटाचे काम केले आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार घडला. पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवायचा, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच पाणी द्यायचे, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, भूमिहीनालाही पाण्यात हक्क द्यायचा आणि खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उचलायचा, हे त्याचे नियम होते. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी 1980 च्या दशकात येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभारताना याच दिशेने पाऊल टाकले. येरळा खटावात उगम पावून सांगलीत येते. तिच्या पात्रातील वाळूचा ठेकेदारांकडून होणारा उपसा थांबवून, मर्यादित वाळूविक्रीतून धरणाचा पैसा उभा करायचा आणि पाणी जमीन असो वा नसो प्रत्येक कुटुंबाला समान द्यायचे, असा तो आग्रह होता. मुंबईच्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांचा या चळवळीत मोठा वाटा होता. धरणाला बळीराजाचे नाव देण्यामागे जोतीराव फुल्यांनी कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून बळीला दिलेले स्थान होते. म्हणजे समान पाणीवाटपाच्या अभियांत्रिकीला धर्मकल्पनेचाच आधार घ्यावा लागला.

फुल्यांचा विचार या चर्चेत आणखी एका कारणाने आवश्यक ठरतो. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आणि त्यांनी 1873 साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची मुळे या जिल्ह्यात खोलवर गेली. निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, हा सत्यशोधक धर्मविचाराचा गाभा होय. संस्थेच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, गाव आणि त्याचे हित यांच्यामध्ये कायमचा दलाल उभा राहिला, मग तो पुढारी असो, ठेकेदार असो वा सदिच्छेने आलेली बाहेरची संस्था असो, तर गावाचे सामर्थ्य वाढण्याऐवजी त्या मध्यस्थाचे वाढते. शिक्षक आणि दलाल यांतील फरक येथेच आहे, कारण शिक्षक आपली गरज संपवण्यासाठी शिकवतो.

याच परंपरेत घडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वतः शेतात राबत आणि आपल्या श्रमावर शिकत. ते चालवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले आणि खेड्यांतील घरांनी धान्य दिले. 1948 साली सरकारने अनुदान थांबवले तेव्हा संस्था बंद पडली नाही, कारण तिचा आधार तिजोरीबाहेर, ज्यांची मुले तेथे शिकत होती त्यांच्यात होता. आज कोरेगावात डी. पी. भोसले महाविद्यालय चालते ते याच संस्थेच्या वृक्षाची एक फांदी म्हणून. भाऊरावांच्या कार्याचे वर्णन बहुधा त्याग या एका शब्दात केले जाते आणि ते अपुरे आहे. त्या वसतिगृहात राबणारा मुलगाच शिक्षणाचे फळ घेत होता, श्रम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा अशी फारकत तेथे नव्हती, हा त्यातील अधिक दुर्मिळ गुण होय.

कोरेगावच्या पाणलोट गावांपुढील काम आता खोदाईचे उरलेले नाही. पावसाळा संपल्यावर विहिरींची पातळी मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणे, तो ग्रामसभेत सर्वांसमोर वाचणे आणि त्यानुसार रब्बीची पिके ठरवणे हे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने वर्षानुवर्षे करून दाखवले आहे, आणि शेतीसाठी कूपनलिका तसेच ऊस-केळी यांवर तेथे ग्रामसभेचाच निर्बंध आहे. मात्र ताळेबंद मांडला तरी भूमिहीनाचा स्तंभ त्यात असेलच असे नाही. तो असावा यासाठी गावतळ्यातील मासळीचा हक्क, गायरानातील चाऱ्याचा हक्क, किंवा पाण्यातील स्वतःचा हिस्सा घेऊन बागायतदाराची जमीन निमपट वाट्याने करण्याचा करार, असे मार्ग उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी कोणता निवडायचा हे ज्यांनी उन्हाळ्यात टिकाव-घमेले घेऊन डोंगरावर श्रम केले त्या सर्वांच्या, विशेषतः त्या स्त्रियांच्या, उपस्थितीत ठरले पाहिजे. ज्या गावांत ही बैठक होत नाही तेथे पाणलोट समितीची नावे फलकावर राहतात, आणि कूपनलिका खोदणाऱ्या गाड्या पुन्हा शिवारात येऊ लागतात.