मर्यादेच्या आत

बेन्झीन हे द्रावक श्वासावाटे शिरून अस्थिमज्जेस बाधते व रक्ताचा कर्करोग घडविते. अमेरिकेत कारखान्याच्या हवेत दहा लक्ष भागांमागे त्याचे १० भाग चालत. १९८७ साली ही मर्यादा १ वर आली. मग आदल्या दिवशी ५ भागांच्या हवेत राबणारा कामगार सुरक्षित होता काय? नियम बदलला, मज्जा तीच होती. मोजमापावाचून विषाचा पत्ता लागत नाही, हे खरे. परंतु ‘मर्यादेच्या आत’ हा शेरा वाचून सही करताना आम्हां अधिकाऱ्यांचे मन निश्चिंत होते, ते कशाच्या बळावर? भारताने १९९१ साली स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की कमी अपायकारक पर्याय मिळेल तेथे बेन्झीन वापरू नये. तेव्हा सहीपूर्वी आम्ही एवढे तरी विचारावे : हे विष येथे हवेच काय?